पेस्ट कंट्रोल करूनही झुरळं परत येतात? आधी पाणी कुठे मुरतंय ते शोधा

तक्रार आधी नीट सांगते, म्हणजे तुमचीही हीच आहे का ते ताडून बघता येईल.

आमचं घर लालबागला, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर लहान, ओट्याला लागून मोरी, भिंतीपलीकडे डक्ट. पेस्ट कंट्रोल केलं की पंधरा-वीस दिवस शांत जायचे. मग ओट्याच्या कडेला एखादं बारीक पिल्लू दिसायचं, आठवड्याभरात ट्रॉलीत दोन-चार, आणि दोन महिने होईतो रात्री दिवा लावला की पुन्हा तीच पळापळ. चार वर्षं हे असंच चाललं. दर तीन महिन्यांनी फवारणी, मधल्या काळात स्प्रे, कोपऱ्यांत खडूच्या रेघा. धाकट्या मुलाला दमा आहे. झुरळांची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात यांतल्या प्रथिनांमुळे दमा चाळवतो, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेव्हापासून मला हा विषय नुसत्या किळसेचा राहिला नाही. स्प्रे मारला तरी त्याला त्रास, नाही मारला तरी त्रास.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आपल्याकडे अकरावीच्या पुस्तकात झुरळावर अख्खा धडा आहे. त्यातल्या माल्पिघी नलिका, श्वासरंध्रांच्या दहा जोड्या, गुदाशयातल्या पाणी शोषणाऱ्या गाद्या मी कितीतरी वर्षं फळ्यावर काढत आले. ती सगळी रचना मुळात पाणी वाचवण्यासाठी आहे, हेही मुलांना सांगत आले. पण घरातली झुरळं जायची तर त्यांच्या पाण्यावर घाव घालायला हवा, इथवर पोचायला मला चौथं वर्ष उजाडलं. आमच्याकडे काय चुकत होतं आणि काय केल्यावर फरक पडला, ते सांगते.

कोणतं झुरळ आहे ते आधी बघा

मुंबईच्या घरांत मुख्यतः दोन झुरळं भेटतात. एक मोठं, तांबूस तपकिरी, साडेतीन-चार सेंटिमीटर लांब, पावसाळ्यात मोरीच्या जाळीतून वर येणारं. पुस्तकातलं पेरिप्लॅनेटा ते हेच. याचं बिऱ्हाड गटारात आणि डक्टमध्ये असतं, घरात ते पाहुणं. मोरीच्या जाळीवर रात्री झाकण ठेवा, पाईपभोवतालच्या फटी सिमेंटने बुजवा, बहुतेक काम होतं.

दुसरं लहान, दीड सेंटिमीटरच्या आत, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभ्या रेघा. हे जर्मन झुरळ. नाव जर्मन असलं तरी मूळ आपल्याच बाजूचं. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार, सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात ते आशियाई झुरळापासून वेगळं झालं आणि माणसांबरोबर जगभर गेलं. हे घराबाहेर राहतच नाही. ट्रॉलीच्या रुळामागे, फ्रिजच्या रबरात, मिक्सरच्या बुडाशी, ओट्याच्या दगडाखालच्या फटीत याचा जन्म जातो. चहाच्या भुकटीसारखे काळे कण कोपऱ्यात साचलेले दिसले आणि ट्रॉली उघडताच एक कुबट वास आला, तर ते हेच आहे असं धरून चाला. पुढचं सगळं याच्याविषयी.

फवारणीला ते दाद का देत नाही

तुम्ही आजवर काय काय मारलं ते डब्यांवर वाचा. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, इमिप्रोथ्रिन, अ‍ॅलेथ्रिन. शेवटी 'थ्रिन' आलं की ते एकाच घराण्यातलं, पायरेथ्रॉइड. आमच्याकडे स्प्रे एका कंपनीचा, खडू दुसऱ्या, फवारणीवाला तिसरंच काही आणायचा, आणि मला वाटायचं आपण औषधं बदलून बघतोय. प्रत्यक्षात चार वर्षं एकाच औषधाची भावंडं वापरत होतो.

हे औषध मज्जातंतूंतल्या सोडियमच्या दारांवर काम करतं. दार उघडं अडकवून ठेवतं, तंतू थरथरत राहतो, किडा उलटा पडतो. प्रतिकार आलेल्या जर्मन झुरळांत त्या दाराच्या प्रथिनात 993 व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी फिनाइलअ‍ॅलॅनीन हे दुसरं अमिनो आम्ल आढळतं. एवढ्याशा फरकाने औषध तिथे नीट बसत नाही. शिवाय औषधाचे तुकडे करणारी विकरं (एन्झाइम) त्यांच्या अंगात जास्त तयार होतात. आणि काहींचं वरचं कवचच असं असतं की औषध आत उशिरा झिरपतं. या कवचाकडे पुन्हा येते, कारण पाण्याचा धागा तिथेच जुळतो.

हे दुखणं नवं नाही. 1952 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या कॉर्पस ख्रिस्तीला क्लोरडेन या औषधाने न मरणारी जर्मन झुरळं पहिल्यांदा लक्षात आली. पुढे जे जे औषध आलं त्याच्यामागून प्रतिकारही आला. 2019 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या मायकेल शार्फ यांच्या गटाने दाखवलं की काही ठिकाणी एकाच पिढीत प्रतिकार चार ते सहा पटींनी वाढतो, तोही कधी कधी ज्या औषधाशी त्या झुरळांची गाठच पडली नाही अशा औषधालाही. आता याचा हिशेब आपल्या घरात मांडून बघा. आपल्या हवेत अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन-तीन महिन्यांत प्रौढ होतं. आपली फवारणी दर तीन महिन्यांनी. म्हणजे प्रत्येक पिढी एकेकदा चाळणीतून जाते आणि जी उरतात त्यांचीच पिल्लं ट्रॉलीत फिरतात.

सगळा डबा एकदम सोडून द्यायचा तो धूर, म्हणजे फॉगर, तर अजिबात नको. 2019 मध्येच नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी लोकांच्या राहत्या घरांत हे डबे वापरून पाहिले. झुरळं कमी झाली नाहीत, औषधाचा थर मात्र घरभर उरला. फटीत बसलेल्या झुरळापर्यंत तो धूर पोचतच नाही. दम्याचं मूल घरात असेल तर हे करूच नका.

मुळाशी पाणी

1957 साली विलिस आणि लुईस या संशोधकांनी निरनिराळ्या जातींची झुरळं उपाशी आणि तहानलेली ठेवून किती दिवस जगतात ते मोजलं होतं. जर्मन झुरळाची मादी नुसत्या पाण्यावर, अन्नाचा कण न मिळता, सुमारे सहा आठवडे जगली. तिलाच कोरडं अन्न भरपूर दिलं पण पाणी दिलं नाही, तेव्हा दोन आठवडेही काढू शकली नाही. गटारातली मोठी झुरळं याबाबत फार चिवट, त्यांची मादी अन्नपाण्याविना जवळपास सहा आठवडे टिकली. म्हणजे आपण रोज रात्री ओटा पुसतो, डबे घट्ट लावतो, एक शीत खाली राहू देत नाही, आणि सिंकखाली पाईप पाझरत असतो. खाणं बंद, पिणं चालू. अशा घरात झुरळ आरामात तग धरतं.

त्याला पाणी लागतं तरी किती? नळाचा एक थेंब साधारण 50 मिलिग्रॅम भरतो. पूर्ण वाढलेला जर्मन झुरळाचा नरही जवळपास तेवढ्याच वजनाचा. एक थेंब म्हणजे त्याच्या अख्ख्या देहाएवढं पाणी. मिनिटाला एक थेंब टाकणारा कॉक दिवसाला 1440 थेंब देतो, म्हणजे सत्तरेक मिलिलिटर, चहाच्या अर्ध्या कपाला थोडं कमी. एवढ्या पाण्यावर आमच्या ट्रॉलीतली सगळी वस्ती पोसली जात होती आणि आम्ही त्या कॉकला "जरासा गळतो" म्हणत होतो.

झुरळाच्या अंगातलं पाणी मुख्यतः दोन वाटांनी उडतं: कातडीवरून आणि श्वासरंध्रांतून. कातडीवर मेणासारखा हायड्रोकार्बनांचा अतिशय पातळ थर असतो, तो बाष्प रोखून धरतो. श्वासरंध्रं गरजेप्रमाणे मिटता येतात. विष्ठेतलं पाणी गुदाशय परत ओढून घेतो. यूरिक आम्ल तर ते बाहेर टाकायच्या ऐवजी अंगातल्या मेदपिंडात साठवतं, आणि तिथे राहणारे ब्लॅटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू त्या साठ्यातल्या नायट्रोजनपासून पुन्हा कामाची द्रव्यं तयार करतात. इतकी काटकसर करूनही जर्मन झुरळाचा आकार लहान, अंगाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ते लवकर सुकतं. त्याला रोज पाणी जवळ हवं. म्हणूनच ते हॉलच्या पुस्तकांच्या कपाटात कमी आणि सिंकखाली जास्त सापडतं.

आता ते कवच. पाणी बाहेर जाऊ न देणारा मेणाचा थर आणि औषध आत झिरपू न देणारा थर एकच आहे. जर्मन झुरळात हा थर घडवण्याच्या कामातलं एक जनुक संशोधकांनी दाबून पाहिलं, तेव्हा ती झुरळं भराभर सुकली आणि पायरेथ्रॉइडलाही लवकर बळी पडली. हे वाचलं त्या दिवशी मी वर्गातली आकृती आणि घरातली ट्रॉली पहिल्यांदा एकत्र पाहिली.

अंड्यांचंही तसंच. जर्मन मादी अंड्यांची डबी शेवटच्या टोकाला धरून हिंडते, पिल्लं बाहेर पडायच्या जेमतेम दिवसभर आधी सोडते. एका डबीत 30 ते 40 अंडी. मोठ्या झुरळाची डबी पाण्याचा साठा आत घेऊन बंद झालेली असते, ती कुठेही चिकटवून मादी निघून जाते. जर्मन मादीचं तसं नाही, डबीला आईच्या अंगातून पाणी मिळत राहावं लागतं. डबी वेळेआधी गळून कोरड्या जागी पडली तर अंडी सुकतात. म्हणजे सिंकखालचा थेंब एका मादीला मिळतो तेव्हा तीस-चाळीस पिल्लांचीही सोय होते.

आमच्याकडे पाणी कुठे सापडलं

एका रात्री सगळे झोपल्यावर दोनच्या सुमाराला मी टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद बांधला आणि सिंकखालचं दार हळूच उघडलं. झुरळांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही, त्यामुळे पळापळ झाली नाही. वॉटर फिल्टरला जाणारी नळी जिथे पितळी कॉकला जोडली होती, तिथे मोहरीएवढा थेंब लोंबत होता. त्याच्याभोवती चार पिल्लं आणि एक मादी, सगळ्यांची तोंडं आत, मिशा मागे वळवलेल्या. मादी निघून गेली तेव्हा थेंबाची कड जराशी आत गेलेली दिसली. मी बघत असतानाच कॉकच्या आटीतून तो पुन्हा भरला. त्या जोडाला दिवसा मी शेकडो वेळा हात लावला असेन. बोटाला कधी ओल लागली नाही, कारण दिवसा ते पाणी उडून जात होतं.

तेव्हापासून मी ओल हाताने तपासत नाही. टिश्यू पेपरची पट्टी प्रत्येक जोडाला रात्री गुंडाळायची आणि सकाळी बघायची. एवढ्यावर सगळं कळतं. आमच्याकडे पहिल्या सकाळी तीन पट्ट्या ओल्या निघाल्या: फिल्टरचा कॉक, सिंकच्या वेस्ट पाईपची वरची चकती आणि मोरीतल्या नळाचं बूड. प्लंबरदादा आले, वॉशर बदलले, टेफ्लॉन टेप गुंडाळली, पाऊण तासाचं काम. "ताई, एवढ्यासाठी कोणी बोलवत नाही," म्हणाले. खरंय, एवढ्यासाठी कोणी बोलवत नाही.

बाकीच्या जागा अशा सापडल्या. फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या वर एक ताटली असते, त्यात वितळलेलं पाणी जमतं. खाली ऊब, वर पाणी, पूर्ण काळोख. आमच्या ताटलीत बोटभर पाणी आणि कडेला कातांचा ढीग होता. फ्रिजचा प्लग काढून ती बाहेर घेतली, घासली, आता महिन्यातून एकदा बघते. माठाखालची तिवई सदा ओली. भांड्यांच्या जाळीखालचा ट्रे. मोरीच्या काठावर पिळून ठेवलेलं पोतेरं, जे पिळलं तरी रात्रभर ओलंच राहतं. घासणीची वाटी. ओल्या कचऱ्याच्या डब्याचं बूड. आणि आपल्या मुंबईतली खास गोष्ट म्हणजे भरून ठेवलेलं पाणी. पाण्याची वेळ ठरलेली, त्यामुळे पिंप, हंडा, बादल्या भरून ठेवाव्याच लागतात. त्याला इलाज नाही, पण पिंपाला घट्ट झाकण आणि पिंपाखाली कोरडी फरशी एवढं करता येतं. पिंपाच्या बुडाशी जो ओला वर्तुळाकार डाग राहतो, त्याच्या कडेलाच आमच्याकडे काळे कण साचायचे.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रात्री कडधान्य भिजत घालतात आणि ओट्यावर फडका ओला सोडतात, असं मी एकदा चिडून बोलले. त्यांनी उलट विचारलं, "अगं, मग तो फडका रात्री ठेवायचा तरी कुठे?" प्रश्न बरोबर होता. खिडकीच्या गजाला दोरी बांधली. आता रात्री साडेदहाला ओटा ओल्या फडक्याने आणि लगेच कोरड्याने पुसतो, सिंकही कोरडं करतो, फडके गजावर. ही कामं त्यांनीच स्वतःच्या हाती घेतली आणि एक दिवस चुकवली नाही.

सगळं कोरडं केलं की झुरळं दोन आठवड्यांत मरतील, असं मात्र समजू नका. विलिस-लुईस यांचे आकडे कोरड्या हवेतले आहेत, सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांच्या आतली. आपल्याकडे जुलैत ती 80 च्या वर असते. अशा हवेत अंगातलं पाणी सावकाश उडतं आणि झुरळ जास्त दिवस काढतं. शिवाय त्याला भिजलेल्या भाताच्या शितातूनही पाणी मिळतं. कोरडेपणाने त्यांची वाढ मंदावते आणि ती पाण्याच्या शोधात बाहेर पडतात. मग औषधाची पाळी येते.

मग औषध, आणि तेही वेगळं

पंधरा दिवस घर कोरडं ठेवल्यावर आम्ही जेल लावलं. जेलमध्ये खाणंही असतं आणि ओलावाही, त्यामुळे तहानलेलं झुरळ त्याकडे जातं. आमच्याकडे पूर्वीही एकदा जेल लावून झालं होतं, पण तेव्हा लावणाऱ्याने वरून फवारणीही केली होती. जेल आणि फवारणी एकत्र नको. 'थ्रिन'च्या वासाने झुरळं त्या जागेपासून दूर राहतात आणि जेल तसंच वाळून जातं. आता ज्या ट्रॉलीत जेल, तिथे स्प्रे नाही, फिनाइल नाही, खडू नाही.

ट्यूबवर औषधाचं नाव वाचा. विकणारा 'हर्बल' म्हणाला तरी वाचा. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, इंडोक्साकार्ब ही तीन वेगवेगळ्या तऱ्हेने काम करणारी औषधं आहेत. यांतलं इंडोक्साकार्ब मला विशेष वाटतं, कारण ते झुरळाच्या अंगातल्या विकरांनी फोडल्यावरच खरं विष होतं. एक औषध तीन-चार महिने, मग दुसऱ्या गटातलं. ठिपके मसुराच्या डाळीएवढे, पण पुष्कळ ठिकाणी: बिजागऱ्यांच्या आत, रुळांच्या मागे, सिंकच्या खालच्या कडेला, फ्रिजच्या मोटरच्या जवळ. एकाच जागी मोठा गोळा लावून उपयोग नाही, पिल्लं आपल्या फटीपासून फार लांब जात नाहीत. ती मोठ्यांची विष्ठा आणि मेलेली झुरळं खातात, आणि जेलचं विष त्यातूनही त्यांच्यापर्यंत पोचतं. मुलांचा हात आणि खाण्याची भांडी लागतील तिथे लावू नका. दोन-तीन आठवड्यांनी वाळलेला ठिपका खरवडून नवा लावायचा.

दुसरी फेरी चुकवू नका. डबी धरलेली मादी फारशी खात-पीत नाही, फटीत बसून राहते. पहिल्या जेलमधून ती सुटते आणि तीन-चार आठवड्यांत तिची पिल्लं बाहेर पडतात. आमची पूर्वीची 'पंधरा-वीस दिवस शांतता' तिथेच मोडायची. बरोबर महिन्याने पुन्हा ठिपके लावले तेव्हा कुठे साखळी तुटली.

जेलला तोंडच लावत नसतील तर औषधाचा नाही, चवीचा प्रश्न असू शकतो. गोड आमिषांना सरावलेल्या काही जर्मन झुरळांना ग्लुकोज कडू लागतं, हे 2013 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातच सिद्ध झालं. त्यांच्या तोंडातल्या कडू चव ओळखणाऱ्या पेशीच ग्लुकोजने जाग्या होतात. वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या आमिषाचं जेल आणून बघा. घरच्या गोळ्या करत असाल तर साखरेऐवजी शेंगदाण्याचं कूट घालून बघा.

घरच्या गोळ्या म्हणजे बोरिक पावडरच्या. कॅरमच्या बोर्डावर टाकतात तीच. हे जुनं औषध अजून चांगलं चालतं. झुरळाच्या पायांना आणि मिशांना ती चिकटते, ते चाटून साफ करताना पोटात जाते आणि अन्ननलिकेच्या आतलं अस्तर खराब करते. मज्जातंतूंच्या त्या दाराशी तिचा संबंध नाही, त्यामुळे पायरेथ्रॉइडला सरावलेल्या झुरळावरही ती लागू पडते. फक्त सावकाश, आठवडाभर तरी लागतो. पातळ थर हवा, फुंकर मारून पसरल्यासारखा. ढीग केला तर झुरळ वळसा घालून जातं, आणि ओल लागली की गोळा होऊन वाया जाते. मी ती फक्त ट्रॉलीच्या मागच्या फटीत टाकते, ओट्यावर कधीच नाही. पोटात गेली तर माणसालाही विषारी आहे, रांगतं मूल असलेल्या घरी टाकू नका.

हल्ली सिलिकाची किंवा डायटमची (सूक्ष्म शैवालांच्या जुन्या कवचांची) पूड पुष्कळ जण सुचवतात. ती वर सांगितलेला मेणाचा थर शोषून घेते, आणि मग किडा सुकून मरतो. तत्त्व पक्कं आहे, प्रतिकाराचा प्रश्न फारसा येत नाही. पण दमट हवेत तिचा जोर कमी पडतो. आमच्याकडे जुलैत टाकलेली पूड फुकट गेली, फेब्रुवारीत कोरड्या कपाटामागे टाकली तेव्हा काम झालं. पूड हवेत उडते, टाकताना नाक-तोंड बांधा आणि दम्याच्या माणसाला त्या खोलीत येऊ देऊ नका.

फटी बुजवणं शेवटी. ओट्याचा दगड आणि टाइल्स यांच्यामधली रेघ व्हाइट सिमेंटने, पाईप भिंतीत शिरतो ती जागा एम-सीलने.

शेजार

इतकं करूनही ओट्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिकट सापळ्यावर रोज तीन-चार पिल्लं सापडतच होती. तिथली भिंत हाताला गार लागायची, रंगाला पोपडे होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मोरीचा पाईप आमच्या भिंतीतून खाली येतो. भिंतीत ओल म्हणजे झुरळांना आतूनच पाणी. काकूंना आधी वाटलं मी तक्रार घेऊन आलेय. त्यांना खाली आणून टिश्यू पेपर भिंतीला लावून दाखवला, तो दहा मिनिटांत ओला झाला. "अगं बाई, माझ्याकडेही याच कोपऱ्यात असतात," त्या म्हणाल्या. दोघींनी मिळून खर्च केला. मोरीची जुनी फरशी उचलून जोड बदलला, वॉटरप्रूफिंग केलं. भिंत सुकायला दीड महिना लागला.

त्यानंतर आम्ही दोन्ही घरांत एकाच दिवशी जेल लावतो, कारण एका घरातून हाकललेली डक्टमधून दुसऱ्या घरात जातात. खालच्या बिऱ्हाडालाही सांगितलंय, त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. इमारतीतल्या बैठकीत मी एवढंच मागितलं आहे की फवारणीवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक घरात सिंकखालचे जोड तपासावेत, आणि त्याने कोणतं औषध मारलं ते वहीत लिहून ठेवावं.

फरक पडतोय का हे डोळ्यांनी अंदाजाने ठरवू नका. चिकट सापळे ठरलेल्या चार जागी ठेवा, आठवड्याला एकदा मोजा, तारीख घालून लिहा. पिल्लं जास्त आणि मोठी कमी असतील तर अंडी अजून फुटताहेत, दुसरी फेरी लावा. एकाच सापळ्यावर गर्दी असेल तर पाणी त्याच्या हातभर अंतरातच कुठेतरी आहे. आमच्या वहीत पहिल्या आठवड्याला चार सापळ्यांवर मिळून 61 लिहिलेत. भिंत सुकल्यानंतरच्या महिन्यात 5, आणि गेले सात आठवडे शून्य किंवा एक. धाकट्याचा पंप अजून दप्तरात असतो, पण या पावसाळ्यात रात्री उठून तो हातात घ्यावा लागला नाही.

टिश्यूच्या पट्ट्या मी अजून दर महिन्याच्या एक तारखेला गुंडाळते. गेल्या महिन्यात फिल्टरच्या कॉकवरची पट्टी पुन्हा ओलसर निघाली, बोटाला जाणवणारही नाही इतकी. त्याच दुपारी वॉशर बदलून घेतला.